पात्यांची चकती हवी, पण विमानही स्पष्ट हवं. मदत हवी आहे

मंडळी, जरा मार्गदर्शन करा. सहा महिने झाले, एका छोट्या विमानतळाच्या कुंपणाबाहेरून विमानांचे फोटो काढतोय. दिवसाला जेमतेम तीन विमानं, त्यातलीही बहुतेक एटीआर ७२-६०० ही पंख्यांवर चालणारी छोटी प्रवासी विमानं. एक हुकलं की बसा तासन्‌तास हात चोळत.

अडचण पंख्याची, म्हणजे प्रोपेलरची आहे. शटर १/१००० सेकंदाला ठेवलं की सहाही पाती मोजून घ्यावीत इतकी स्वच्छ येतात आणि विमान दोरीला टांगलेल्या खेळण्यासारखं दिसतं. गणित मांडून पाहिलं. टेकऑफला पंख्याचे मिनिटाला १२०० फेरे, म्हणजे सेकंदाला २०. १/१२५ ला पातं साधारण ५८ अंश फिरतं, आणि दोन पात्यांत अंतर ६० अंशांचं. म्हणजे फिरत्या पात्यांची धूसर चकती फोटोत जवळजवळ भरायला हवी. भरतेही! पण मग खिडक्या आणि शेपटीवरची अक्षरं पुसट होतात. ३०० मिमी लेन्सने पॅनिंग करताना, म्हणजे विमानाबरोबर कॅमेरा फिरवताना, ऐन वेळी माझा हात अडखळतो. काल चाळीसात दोन बरे आले, त्यातल्या एकाची शेपटी फ्रेमबाहेर.

लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंदच ठेवू, की फक्त उभा हादरा सावरणाऱ्या मोडवर? १/२५० वर समाधान मानावं का? मोनोपॉडचा (एकपायी स्टँडचा) कुणाला खरंच फायदा झालाय?

आणि हो, दुपारी धावपट्टीवरची तापलेली हवा लहरते, तेव्हा लांबचे फोटो पाण्याखालून काढल्यासारखे येतात. त्यावर सकाळी लवकर जाण्याशिवाय इलाज नसावा, पण असला तर जरूर सांगा.