दहाव्याला कावळा शिवत नाही तेव्हा नेमकं काय करायचं?

ओसरी

दशक्रियेच्या दिवशी पिंडाला कावळा शिवेपर्यंत घाटावर सगळ्यांचा खोळंबा होतो. कोणी म्हणतं गेलेल्याची इच्छा राहिली, कोणी म्हणतं स्वयंपाकात काहीतरी राहिलं, कोणी म्हणतं शहरात आता कावळेच उरले नाहीत. जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

1) मांडणी, वेळ, अन्न यांत काय सांभाळलं की कावळा यायला अडचण होत नाही?
2) थांबायचं किती आणि नाहीच आला तर सोय काय?
3) कावळा डोक्याला शिवला तर नातेवाइकांना मृत्यूची खोटी बातमी कळवायची चाल अजून काही घरांत आहे. त्याचं काय करावं?

"सगळं थोतांड" आणि "सगळ्यामागे विज्ञान" ही दोन्ही उत्तरं ऐकून झाली आहेत, ती कृपया नकोत.

गोदातीर

पहिल्या दोन प्रश्नांपुरतं लिहितो.

पिंडाचा भात बिनमिठाचा आणि मऊ हवा. आंबेमोहोर किंवा नवा तांदूळ घेतला तर मुठीत नीट वळला जातो. बासमती किंवा खूप जुना तांदूळ सुटा होतो, पिंड फुटतो आणि ऐन वेळी पाणी शिंपडून थापत बसावं लागतं. पाच पिंड मांडायचे असतील तर वाटी-दीड वाटी तांदूळ पुष्कळ झाला. काळे तीळ चिमूटभर, तूप आणि मध नावापुरते. तूप जास्त झालं की पिंड हातातून सटकतो. काही पद्धतींत मांडलेल्यांपैकी एक पिंड थेट वायसाच्या, म्हणजे कावळ्याच्या, नावाचा असतो. तो कोणता हे गुरुजींना आधीच विचारून ठेवावं, म्हणजे "मधल्याला शिवला, कडेच्याला नाही" असा वाद होत नाही.

भात वाफाळता असताना पिंड वळून लगेच बाहेर ठेवतात, ही नेहमीची चूक. वीस-पंचवीस मिनिटं निवू द्यावा. उदबत्ती आणि दिवा पिंडाला चिकटून नकोत, धूर अंगावर येतो तिथे पाखरू उतरत नाही. गेलेल्या माणसाच्या आवडीचे पदार्थ भोवती मांडायची रीत आहे, तर ते पानावर किंवा पत्रावळीवर मांडा. मिठाईचं खोकं, चांदीसारखा चकाकणारा कागद, फडफडणारी प्लास्टिकची पिशवी तिथून उचला.

थांबायचं किती, तर अर्धा-पाऊण तास पुरे. त्यानंतर दर्भाचा कावळा. दर्भाच्या पाच-सात काड्या एकत्र धरून मधे दुमडतात, गाठ मारतात, टोकं चोचीसारखी पुढे काढतात आणि ती पिंडाला लावतात. एवढं झालं की विधी पुढे जातो, जीवखडा (गेलेल्याचं प्रतीक म्हणून क्रियेत ठेवलेला दगड) आणि पिंड विसर्जित होतात. ही पळवाट नव्हे. परंपरेनेच करून ठेवलेली सोय आहे आणि ती वापरण्यात कमीपणा काही नाही. (गंमत अशी की रामकथेत कावळ्याचा डोळा गेला तो दर्भाच्या काडीनेच, आणि त्याच दर्भाचा कावळा करून आपण त्याची जागा भरतो.)

"इच्छा राहिली" याबद्दल. कावळ्याला हा मान कुठून आला त्याची कथा वाल्मीकि रामायणाच्या उत्तरकांडात आहे. मरुत्त राजाच्या यज्ञात रावण आला तेव्हा देव पाखरा-प्राण्यांच्या रूपात लपले. इंद्र मोर झाला, यम कावळा, कुबेर सरडा, वरुण हंस. संकट टळल्यावर यमाने कावळ्याला वर दिला, की माणसं तुला खाऊ घालतील तेव्हा माझ्या लोकातले जीव तृप्त होतील. त्या वरात "न शिवलास तर इच्छा अडली" असं कलम कुठेही नाही. तो भाग लोकांनी मागाहून जोडलेला. घाटावर हात जोडून "धाकट्याचं शिक्षण आम्ही बघू", "आईला अंतर देणार नाही" असे शब्द दिले जातात, त्याला माझा विरोध नाही. चारचौघांत दिलेला शब्द पाळला जातो. पण कावळा आला नाही म्हणून सुनेकडे बघायला लागतात, ते मात्र तिथल्या तिथे थांबवावं.

रानपाखरू

गोदातीर यांनी भाताचं सांगितलं, मी कावळ्याचं सांगतो.

आपल्याकडे दोन कावळे. राखाडी मानेचा घरकावळा आणि सबंध काळा, जाड चोचीचा डोमकावळा. घाटावर बहुतेक घरकावळेच असतात. घरकावळा माणसांत वाढतो तरी अत्यंत संशयी. नवी वस्तू, नवी मांडणी दिसली की आधी वरून बघतो. मग दोन-चार हात लांब उतरतो, तिरक्या उड्या मारत जवळ येतो, मान वाकडी करून एका डोळ्याने न्याहाळतो, कडेचं एखादं शीत ओढतो आणि लगेच मागे उडी मारतो. काही झालं नाही तरच पुन्हा पुढे येतो. कावळ्याला एकच डोळा असतो ही समजूत या मान वाकडी करण्यामुळेच घट्ट झाली असावी. डोळे दोन्ही शाबूत असतात, पण ते डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे जवळची वस्तू तो एकेका डोळ्याने तपासतो.

आता घाटावर काय होतं बघा. पिंड ठेवला की वीस-तीस माणसं भोवती कोंडाळं करतात, सगळ्यांच्या नजरा पिंडावर, दोघं मोबाइल धरून उभे, एक जण "काव काव" करतोय. कावळ्याच्या दृष्टीने हा सापळाच. तो शेजारच्या पिंपळावर बसून राहतो, आणि माणसं पांगून चहाला गेली की दोन मिनिटांत खाली येतो. "सगळे निघाल्यावर शिवला" असं इतक्या वेळा ऐकू येतं त्याचं कारण हे.

म्हणून: पिंड उघड्या, उंचशा जागी, कठड्यावर किंवा ओट्यावर ठेवा. वरून झाडाची दाट फांदी नको, कावळ्याला उडून जायची वाट दिसली पाहिजे. माणसांनी निदान पंचवीस-तीस फूट मागे सरावं आणि शक्यतो पाठ करून बसावं. कुत्रं जवळ असेल तर त्याला दुसरीकडे काहीतरी घालावं.

वेळ सकाळची, जितकी लवकर तितकी बरी. कावळे उजाडायच्या आधीच रात्रीच्या झाडावरून निघतात आणि पहिले काही तास भुकेले असतात. नाशिकचं रामकुंड, पुण्याचा ओंकारेश्वर घाट, मुंबईची बाणगंगा अशा ठिकाणी दिवसाला अनेक पिंड पडतात. दहा-अकरानंतर तिथल्या कावळ्यांची पोटं भरलेली असतात. शेजारी दुसऱ्या घरचा पिंड आणि त्यावर भजी-जिलबी असेल तर तुमच्या बिनमिठाच्या भाताकडे तो कशाला बघेल?

"कावळेच उरले नाहीत" हे सरसकट खरं नाही. कचराकुंड्या बंदिस्त झाल्या, मोठी झाडं तुटली, तिथून ते हलले. मासळीबाजार, मटणाची दुकानं, कचरा डेपो यांच्या आसपास आजही भरपूर आहेत. एप्रिल ते जूनमध्ये ते जोडीजोडीने घरट्यापाशी अडकलेले असतात, त्यामुळे घाटावर थवा कमी दिसतो.

शिवारातला

विषय निघालाच आहे तर पावसाच्या शकुनाचंही घ्या. घरटं आंब्या-करंजावर असेल तर पाऊस चांगला, बाभळीवर किंवा काटेरी झाडावर असेल तर दुष्काळ. पूर्वेच्या फांदीला चांगला. अंडी तीन-चार असली तर उत्तम, एकच असलं तर वाईट. जुनी माणसं हे मृगाच्या आधी बघायची. हे नुसतं गावगप्पांतलं नाही, वराहमिहिराच्या सहाव्या शतकातल्या बृहत्संहितेत कावळ्याच्या शकुनांवर सबंध अध्याय आहे. वैशाखात निरोगी झाडावर घरटं असेल तर सुभिक्ष, काटेरी किंवा वाळक्या झाडावर असेल तर दुष्काळाचं भय, हे त्यात आलेलं आहे. इतकी वर्षं टिकलंय म्हणजे त्यात काहीतरी असेलच ना?

रानपाखरू

टिकलं याचं कारण हा शकुन बऱ्याचदा "खरा" ठरतो, आणि तो का ठरतो हे बघण्यासारखं आहे.

अंड्यांचं घ्या. घरकावळी साधारण तीन ते पाच अंडी घालते, म्हणजे तीन-चार अंडी ही नेहमीचीच गोष्ट. बऱ्यापैकी पाऊस होणं हेही बहुतेक वर्षांचं. दोन नेहमीच्या गोष्टी एकत्र आल्या की शकुन खरा. त्यातून कोकिळा त्याच घरट्यात आपलं अंडं घालून जाते, तेव्हा वरून मोजणाऱ्याचा हिशेब आणखी बिघडतो. पहिली अंडी वाया गेली तर कावळी पुन्हा घालते. मग पहिली धरायची की दुसरी?

झाडाचं तर त्याहून सोपं. जिथे मुळातच पाऊस कमी, तिथे बाभूळच जास्त. माण-खटावच्या माळावर कावळा आंबा आणणार कुठून? तो बाभळीवर घरटं बांधतो आणि पाऊस कमी पडतो, तो तिथे दरवर्षीच कमी पडतो. कोकणात आंबा-फणसावर बांधतो आणि पाऊस धो धो. दोन्हीकडे शकुन खरा, कावळ्याने मात्र भाकीत काही केलेलं नाही.

खरंच तपासायचं असेल तर एकाच गावात तपासा. एप्रिलच्या शेवटी शिवारातली सगळी घरटी वहीत उतरवा. झाड कोणतं, झाडाची अंदाजे उंची, घरट्याची उंची, फांदीची दिशा (होकायंत्राने, डोळ्याच्या अंदाजाने नको). झाडावर चढू नका, टोचे खाल. तालुक्याच्या पर्जन्यमापकाची आकडेवारी सप्टेंबरअखेर शेजारी लिहा. पहिल्याच वर्षी एका शिवारात आंब्यावर चार, बाभळीवर तीन, विजेच्या खांबावर दोन घरटी निघतील. तेव्हा कोणत्या घरट्याचं ऐकायचं ते ठरवून बघा. नोंद सलग दहा वर्षं झाली तरच बोलण्याला अर्थ आहे.

पेरणीचा निर्णय मात्र कावळ्यावर सोडू नका. जमिनीत वीतभर ओल गेल्याशिवाय चाड्यावर मूठ धरायची नाही, हा त्याच जुन्या माणसांचा नियम घरट्यापेक्षा कितीतरी भरवशाचा आहे.

शिवारातला

बाभळीचा मुद्दा पटला. दिशेबद्दल अजून शंका आहे, पण वही घालतो.

ओसरी

तिसरा प्रश्न राहिला. आणि एक भर: परदेशात असलेल्यांनी काय करायचं?

रानपाखरू

डोक्याला टोचा बसतो तो बहुतेक एप्रिल ते जूनमध्ये. वर कुठेतरी घरटं असतं किंवा उडायला शिकणारं पिल्लू खाली पडलेलं असतं. कावळा जवळजवळ नेहमी मागून येतो. त्याच्याकडे तोंड करून चाललं की बहुधा बगल देतो. छत्री उघडून जा, टोपी घाला किंवा तीन आठवडे रस्ता बदला. पिल्लं साधारण तीन-चार आठवड्यांत घरटं सोडतात, मग त्रास आपोआप थांबतो. पिल्लू हातात घेऊ नका, दगड तर मुळीच मारू नका. अमेरिकेत सिएटलला 2006 पासून मुखवटे घालून प्रयोग झाले. ज्या मुखवट्याच्या माणसाने कावळे पकडले, तो चेहरा कावळ्यांनी वर्षानुवर्षं लक्षात ठेवला आणि न पकडलेल्या कावळ्यांनीही तो उचलला. ती जात आपल्या घरकावळ्याहून वेगळी आहे, पण "कावळा डूख धरतो" म्हणणाऱ्यांना वेड्यात काढायची गरज नाही.

रक्त आलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन किती वर्षं झाली ते डॉक्टरांना सांगा. रेबीजची भीती नको, तो सस्तन प्राण्यांचा रोग आहे.

गोदातीर

खोट्या बातमीबद्दल. कावळा शिवला किंवा कावळ्यांची जोडी लागलेली दिसली की मृत्यू ओढवतो, म्हणून मामाकडे किंवा बहिणीकडे "अमका गेला" असा निरोप धाडायचा. ती माणसं रडली की मरणाचा भोग रडण्यात फिटला असं धरायचं आणि मागोमाग खरा निरोप द्यायचा. निरोप्या पायी जायचा तेव्हा दुसरा माणूस त्याच्या मागे धाडता येत होता. आता कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलेली बातमी पाच मिनिटांत पन्नास घरी जाते, खरा निरोप त्यातल्या निम्म्यांपर्यंतही पोचत नाही. ऐकणाऱ्यात हृदयविकाराचा कोणी असला तर शकुन आपणच खरा करून दाखवला म्हणायचा. ही चाल बंद करावी, स्पष्ट सांगतो. मनाची समजूत हवीच असेल तर अंगावरच्या कपड्यांसकट स्नान आणि शनिवारी मारुतीला तेल, एवढ्यावर घरातली वडीलधारी माणसं सहसा ऐकतात.

दर्यापार

परदेशाचं. मस्कत, एडन, झांजिबार, मोंबासा इथे आपलाच घरकावळा आहे. झांजिबारला तो 1890 च्या दशकात हिंदुस्थानातून नेला, पुढे बेसुमार वाढला, आणि केनियाने 2024 मध्ये लाखोंनी मारायचा कार्यक्रम जाहीर केला. तेव्हा तिथे कावळ्यांना मुद्दाम खायला घालताना स्थानिक नियम आधी बघा. अमेरिका-कॅनडात कावळा वेगळ्या जातीचा, माणसापासून आणखी लांब राहणारा, आणि सार्वजनिक बागेत अन्न ठेवल्याबद्दल दंड होऊ शकतो. घराच्या मागच्या अंगणात ठेवावं. न्यूझीलंडमध्ये आपला कावळा नाहीच, तिथे सरळ दर्भाचा.

दर्भ इथून जाणाऱ्या माणसाबरोबर मागवून ठेवू नका, विमानतळावर वाळलेलं गवत काढून घेतात, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला तर जाहीर न केल्यास दंडही होतो. जवळच्या देवळातल्या गुरुजींकडे चौकशी करा, बहुतेकांकडे असतो.

पितृपक्षात गच्चीवर वाढणाऱ्यांसाठीही एक सांगतो. पूर्ण पान नको, मूठभर पुरे, आणि तासाभराने उरलेलं उचला. नाहीतर कावळ्याच्या नावाने कबुतरं आणि उंदीर जेवतात, आणि सोसायटीची नोटीस येते ती वेगळीच.