नहाणीत केस अडकले असतील तर आधी काटेरी पट्टी
नहाणीत केस अडकून पाणी तुंबलं तर काय करायचं, या प्रश्नावर दोघातिघांनी ॲसिड ओता म्हणून सांगितलंय, पण खरंच सांगते, आधी ती प्लास्टिकची काटेरी पट्टी वापरून बघा. हार्डवेअरच्या दुकानात मला पन्नासेक रुपयांत मिळाली, दीडेक फूट लांब, दोन्ही कडांना उलटे दात. जाळी काढायची, पट्टी हळूहळू आत सरकवायची, थोडी फिरवायची आणि सावकाश वर ओढायची, केस आणि साबणाच्या चिकट्याचा असला बोळा बाहेर येतो की बघवत नाही, पण पाणी लगेच सुटतं. हातमोजे घालाच.

जाळीखाली उलटी वाटी बसवलेली असेल तर ती आधी काढा नाहीतर पट्टी आत जाणारच नाही, आणि नंतर आठवणीने परत बसवा, तिच्यामुळेच तर पाणी साठून राहतं आणि गटाराचा वास वर येत नाही.

आणि प्लीज, ॲसिड ओतलेलं असेल तर त्यावर ब्लीच अजिबात टाकू नका, क्लोरीन वायू तयार होतो, बंद बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतं. पट्टीनेही सुटलं नाही तर बहुतेक पुढे पाइपात किंवा चेंबरमध्ये अडकलंय, तिथे प्लंबरच बोलवा.