परदेशी कंपनीने सरकारला लवादात खेचलं की टाळ्या कसल्या वाजवता?

झणझणीत_रस्सा: काल इथे एकाने लिहिलं की मागच्या तारखेपासून लावलेल्या करावरून व्होडाफोन आणि केर्न या ब्रिटिश कंपन्यांनी आपल्या सरकारला आंतरराष्ट्रीय लवादात हरवलं ते छानच झालं, असा दणका बसला तरच बाहेरचा पैसा येईल. खाली लाइक्सचा पाऊस. डोकं फिरलं वाचून. लवादाचे तीन पंच, त्यातला एक कंपनीने नेमलेला, बंद दाराआड बसून ठरवणार की आपल्या संसदेने केलेला कायदा चालतो की नाही, वर अपीलही नाही. आणि दोन देशांमधल्या गुंतवणूक करारातली ही सोय फक्त परदेशी कंपनीला. चाकणच्या वर्कशॉपवाल्यावर उद्या असाच मागचा कर लादला तर तो असले लवाद चालतात त्या हेगला जाणार का? म्हणजे गावकीच्या भांडणात जावयाला वेगळा सरपंच.

नियम_व_अटी: अर्धीच गोष्ट सांगताय. व्होडाफोनने २००७ मध्ये केमन बेटांवरच्या कंपनीचा शेअर घेऊन हाँगकाँगच्या हचिसनचा इथला मोबाइलचा धंदा घेतला, जानेवारी २०१२ मध्ये आपल्याच सुप्रीम कोर्टाने सांगितलं की यावर कर लागत नाही. मग त्याच वर्षी अर्थमंत्री प्रणबदांनी थेट १९६२ पासून लागू होईल अशी करकायद्यात दुरुस्ती आणली. संसदेचा मान म्हणता, मग कोर्टाचा मान कुठे गेला?

झणझणीत_रस्सा: कायदा चुकीचा होता तर मतदार बघून घेतील ना. केर्नवाले १.२ अब्ज डॉलरसाठी पॅरिसमधल्या सरकारी मालमत्तांवर टाच आणायला निघाले, अमेरिकेत तेव्हाच्या सरकारी एअर इंडियाला कोर्टात ओढलं, तेव्हा तुम्हाला गंमत वाटली?

नियम_व_अटी: गंमत नाही, लाज वाटली. पण ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने तोच कायदा मागे घेतला आणि पैसे परत द्यायची तयारी दाखवली. मतदारांनी नाही, त्या दणक्यानेच घ्यायला लावला.

तारीख_पे_तारीख: मला व्होडाफोनशी घेणंदेणं नाही. पण व्हाइट इंडस्ट्रीज कुणालाच आठवत नाही का? ऑस्ट्रेलियन कंपनी, कोल इंडियाशी पिपरवारच्या खाणीचं काम, २००२ मध्ये लवादाचा निवाडा जिंकली, आणि आपल्या कोर्टात तो नुसता पडून राहिला. शेवटी २०११ मध्ये भारत हरला, का तर आपल्या न्यायव्यवस्थेला उशीर होतो, आणि तेही ऑस्ट्रेलियाबरोबरच्या करारात नसलेलं कलम भारत-कुवेत करारातून उसनं घेऊन. माझी एका बिल्डरविरुद्ध केस चालू आहे, वकील दर वेळी म्हणतो पुढच्या तारखेला नक्की, मुलगी शाळेत होती तेव्हा फ्लॅट बुक केला, आता ती नोकरीला लागली. मी कुठल्या कुवेतचं कलम उसनं आणू?

वेलदूरकर: तुमचं हेग राहू दे बाजूला. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या अंजनवेल-वेलदूरला एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा वीजप्रकल्प आला तेव्हा कुणी विचारलं नाही. १९९५ ला युतीवाले म्हणे अरबी समुद्रात बुडवणार, बुडवला पण करार रद्द करून, कंपनीने लंडनला लवाद लावला, एन्रॉनच्या रिबेका मार्कबाई मुंबईत भेटीगाठी घेऊन गेल्या, आणि पुढच्या वर्षी तोच प्रकल्प आणखी मोठा करून आमच्या डोक्यावर. १९९७ मध्ये पहाटे पोलीस घरात शिरले, बायकांनाही ओढून नेलं. आम्ही कुठल्या लवादाकडे जायचं होतं?

अंधारातला_विद्यार्थी: आणि बंद पाडल्यावर काय मिळालं? आमच्याकडे बारा बारा तास लोडशेडिंग, बारावीचा अभ्यास मेणबत्तीवर केला. आंदोलनवाल्यांनी कधी त्याचा हिशेब दिला का?

वेलदूरकर: ओ भाऊ, आंदोलनाने नाही बंद पडला, बिलाने पडला. वीज घ्या नाही तर घेऊ नका, ठरलेला आकार भराच, असा करार होता, राज्य वीज मंडळाचं कंबरडं मोडलं म्हणून २००१ ला घेणं थांबलं. सरकारने नेमलेल्या गोडबोले समितीचा अहवाल वाचा आधी.

अंधारातला_विद्यार्थी: अहवाल वाचायला लाइट पाहिजे ना.

वेलदूरकर: तुमच्या मेणबत्तीसाठी आमच्या आया-बहिणींनी लाठ्या खाव्यात काय? तोंड सांभाळून बोला.

तारीख_पे_तारीख: राजकारण नको म्हणता म्हणता सगळे तिथेच येतात. त्या काळात सह्या कुणीकुणी केल्या ते काढलं तर सगळे पक्ष सापडतील.

नियम_व_अटी: एक दुरुस्ती. लंडनचा लवाद वीजकरारातला होता, गुंतवणूक करारातला नाही. प्रकल्पातल्या भागीदार अमेरिकन कंपन्या जीई आणि बेक्टेल नंतर आपापल्या मॉरिशसमधल्या कंपन्यांमार्फत भारत-मॉरिशस कराराखाली आले. मुख्य कंपनी एन्रॉन तोवर दिवाळखोर. २००५ मध्ये तडजोड झाली आणि प्रकल्प एनटीपीसी-गेल या सरकारी कंपन्यांच्या रत्नागिरी गॅसकडे गेला.

झणझणीत_रस्सा: बघा! अमेरिकन कंपनी, मॉरिशसची पाटी, आणि दावा भारतावर. माझाच मुद्दा तुम्ही टाइप करून दिलात, आभारी आहे वकीलसाहेब.

नियम_व_अटी: पाटीचं बरोबर आहे तुमचं, ते बंद व्हायलाच पाहिजे, झालं समाधान? पण आपल्याही कंपन्या हाच दरवाजा ठोठावतात. ओडिशातल्या इंडियन मेटल्सने इंडोनेशियावर कोळसा खाणीच्या परवान्यावरून दावा लावला होता, २०१९ मध्ये हरली. तेव्हा कुणी इंडोनेशियाच्या सार्वभौमत्वासाठी रडलं नाही इथे.

झणझणीत_रस्सा: व्होडाफोनच्या वेळी सरकारने माती खाल्ली, लिहून देतो, पण केर्नचे आभार मानायला मी येणार नाही. २०१६ च्या नव्या नमुना गुंतवणूक करारात पाच वर्षं आधी इथल्या कोर्टात लढा अशी अट घातली ते योग्यच होतं. मग २०२४ मध्ये यूएईबरोबरच्या करारात ती तीन वर्षांवर का आणली? बोला.

तारीख_पे_तारीख: तीन वर्षांत निकाल? कुठलं कोर्ट आहे ते, पत्ता पाठवा.