ओशाचे ३० तासांचे कार्ड हरवले आहे: दुसरे कोणाकडून मिळेल?

प्रश्न: जर्सीतला सांगलीकर

नमस्कार मंडळी,

मी गेली सहा वर्षे न्यू जर्सीत बांधकाम क्षेत्रात फील्ड इंजिनिअर म्हणून काम करतो. अमेरिकेच्या श्रम खात्याच्या अखत्यारीतील सुरक्षितता यंत्रणेचे, म्हणजे ज्याला इथे सगळे ओशा म्हणतात तिचे, बांधकामासाठीचे ३० तासांचे प्रशिक्षण मी ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर्ण केले होते. त्या वेळच्या कंपनीने आम्हा बारा-तेरा जणांसाठी चार शनिवार वर्ग ठेवला होता आणि नंतर दोन-अडीच महिन्यांनी प्रत्येकाच्या हाती प्लॅस्टिकचे कार्ड आले होते. एडिसनहून जर्सी सिटीला घर हलवताना ज्या पाकिटात ते कार्ड होते ते पाकीटच गहाळ झाले. बँकेची कार्डे आणि वाहन परवाना आठवडाभरात नव्याने मिळाले. हे एक कार्ड मात्र मिळेना.

पुढच्या महिन्यात मी नव्या कंपनीत रुजू होत असून तिचे काम मॅनहॅटनमध्ये चालू आहे. त्यांनी ओशाचे कार्ड आणि न्यूयॉर्क शहराचे एसएसटी (साइट सेफ्टी ट्रेनिंग, म्हणजे बांधकामाच्या जागेवरील सुरक्षिततेचे प्रशिक्षण) कार्ड अशी दोन्ही मागितली आहेत. मी ओशाच्या कार्यालयात फोन केला, तेव्हा प्रशिक्षणार्थींची नोंद आमच्याकडे नसते एवढेच सांगण्यात आले. प्रशिक्षकाचे पूर्ण नाव मला आठवत नाही, आणि जुन्या कंपनीत ज्यांनी वर्ग आयोजित केला होता त्यांनीही नोकरी सोडली आहे. इंटरनेटवर 'दोन दिवसांत डुप्लिकेट कार्ड' अशा जाहिराती दिसतात, पण त्यांवर विश्वास ठेवायला मन धजत नाही.

सगळे ३० तास पुन्हा करावे लागतील का, की यातून दुसरा मार्ग आहे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १: क्वीन्सचा सेफ्टीवाला

पहिली गोष्ट म्हणजे त्या जाहिरातींकडे अजिबात वळू नका. तुमचा संकोच अगदी योग्य आहे. दुसरी गोष्ट म्हणजे तुमचे प्रशिक्षण अजून पाच वर्षांच्या आत आहे, आणि हरवलेल्या कार्डाच्या बाबतीत सगळे या एका मर्यादेवर अवलंबून असते. पाच वर्षे उलटून गेली असती, तर बदली कार्ड मिळाले नसते आणि वर्ग नव्यानेच करावा लागला असता.

ओशाने तुम्हाला दिलेले उत्तर खरे आहे, फक्त अपुरे आहे. हे प्रशिक्षण ओशा स्वतः घेत नाही. ओशाने देशभर काही विद्यापीठांना आणि संस्थांना प्रशिक्षण केंद्रे म्हणून मान्यता दिलेली आहे. आपल्या भागात रटगर्स विद्यापीठात असे केंद्र आहे. ही केंद्रे प्रशिक्षकांना अधिकृत करतात, प्रशिक्षक वर्ग घेतात, वर्ग संपल्यावर उपस्थितांची माहिती आपल्या केंद्राला कळवतात आणि केंद्राकडून आलेली कार्डे विद्यार्थ्यांना देतात. कार्ड विद्यार्थ्याच्या हाती पडण्यासाठी वर्ग संपल्यापासून ९० दिवसांची मुदत असते, म्हणून तुम्हालाही तेव्हा दोन-अडीच महिने थांबावे लागले. वर्गाची कागदपत्रे पाच वर्षे जपून ठेवणे प्रशिक्षकाला बंधनकारक आहे. त्यामुळे बदली कार्डाची विनंती प्रशिक्षकाकडेच करायची असते, आणि तुमचा शोध कार्डाचा नसून प्रशिक्षकाच्या नावाचा आहे असे समजून चला.

हे नाव मिळवण्याचा सर्वांत जवळचा रस्ता तुमच्या जुन्या साइटवरून जातो. वर्गानंतर तुम्ही ज्या ज्या साइटवर पहिल्या दिवशी ओरिएंटेशनला बसला असाल, तिथे मुख्य कंत्राटदाराने तुमच्या कार्डाची प्रत घेतलेली असण्याची दाट शक्यता आहे, आणि त्या प्रती प्रकल्पाच्या सेफ्टी फाइलमध्ये राहतात. वर्ग ठेवणारी व्यक्ती गेली असली तरी फाइल कुठे जात नाही. अशी अंधुक प्रत जरी हाती लागली, तरी तिच्यावर प्रशिक्षकाचे नाव, तारीख आणि कार्ड देणाऱ्या केंद्राचे नाव सापडेल. प्रशिक्षक निवृत्त झाले असतील किंवा उत्तर देत नसतील, तर थेट त्या केंद्राकडे जाता येते. वर्ग कंपनीने ठेवला असल्याने हिशेब विभागात प्रशिक्षकाचे बिलही असणार. माझ्या अनुभवात ते फार लवकर सापडते, कारण पैशाचे कागद कोणी टाकून देत नाही.

विनंती करताना पूर्ण नाव, वर्गाच्या तारखा, ठिकाण आणि वर्ग बांधकामाचा ३० तासांचा होता हे स्पष्ट लिहा. थोडे शुल्क पडू शकते. एका वर्गासाठी बदली कार्ड एकदाच मिळते, तेव्हा आता येणारे कार्ड हरवले तर तिसरे मिळणार नाही. शिवाय बदली कार्डावर मूळ प्रशिक्षणाचीच तारीख राहते, नवी पडत नाही. ही तारीख तुमच्यासाठी विशेष महत्त्वाची आहे, कारण ओशाच्या दृष्टीने कार्डाला मुदत नसली, तरी न्यूयॉर्क शहर एसएसटीसाठी ओशाचे प्रशिक्षण अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांतलेच धरते.

जर्सीतला सांगलीकर

इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. जुन्या कंपनीच्या हिशेब विभागाला आजच लिहिले आहे. एक शंका राहते. नव्या कंपनीतील एका सहकाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे मला ६२ तासांचे एसएसटी लागेल, तर दुसऱ्याच्या मते ४० तास पुरेसे आहेत. यातले बरोबर काय?

प्रतिसाद २: क्वीन्सचा सेफ्टीवाला

दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. शहराच्या २०१७ च्या १९६ क्रमांकाच्या स्थानिक कायद्याने, जिथे सेफ्टी प्लॅन बंधनकारक आहे अशा साइटवरील कामगारांना ४० तास आणि सुपरिंटेंडंट, साइट सेफ्टी मॅनेजर, सक्षम व्यक्ती (म्हणजे धोके ओळखून ते दूर करण्याचा अधिकार असलेली व्यक्ती) म्हणून नेमलेले लोक वगैरेंना ६२ तास सांगितले आहेत. तुमच्याकडे ओशाचे ३० तास आहेतच. त्यांत उंचीवरून पडण्यापासून बचावाचे ८ आणि मादक पदार्थांविषयीच्या जागरूकतेचे २ मिळवले की ४० पूर्ण होतात. फील्ड इंजिनिअर म्हणून एवढे पुरेसे व्हावे. मात्र मचाण किंवा खोदकाम यांसाठी सक्षम व्यक्ती म्हणून कंपनी तुमचे नाव देणार असेल, तर ६२ लागतील आणि त्यांत शहराच्या इमारत संहितेच्या ३३ व्या प्रकरणावरचे ८ तासही येतील. रुजू होण्याआधी हे कंपनीकडून लेखी विचारून घ्या. प्रशिक्षण नसलेला एक माणूस साइटवर सापडला, तर त्याच्यामागे ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो आणि तो मालक, परवानाधारक आणि त्या माणसाची कंपनी या तिघांनाही लागू शकतो. त्यामुळे गेटवर कोणी तुमच्या शब्दावर आत सोडणार नाही, आणि सोडू नये असेच मला वाटते.

प्रतिसाद ३: माहेरची कुलकर्णी

माझे कार्ड तीन वर्षांपूर्वी हरवले होते. वर दिलेला मार्ग बरोबर आहे, पण आपल्या लोकांना ज्या ठिकाणी ठेच लागते त्याविषयी लिहिते. प्रशिक्षकांना मी ईमेल केला, तेव्हा त्यांचे उत्तर आले की या नावाची कोणीही व्यक्ती त्या वर्गात नव्हती. मी चार दिवस अस्वस्थ होते. शेवटी लक्षात आले की वर्ग लग्नाआधीचा होता, मी पत्र लिहिले होते ते सासरच्या आडनावाने, आणि उपस्थितीच्या कागदावर मी घाईत माझ्या नावापुढे वडिलांचे नाव लिहून आडनावाचे केवळ पहिले अक्षर लिहिले होते. कार्डावर नाव त्या कागदावरून जाते. आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो. इथल्या नोंदीत मधले नाव कधी गळते, तर कधी आडनावाच्या जागी जाऊन बसते.

म्हणून विनंती करताना तुमचे नाव ज्या ज्या प्रकारे लिहिले गेले असेल ते सगळे प्रकार द्या आणि वर्गातल्या एक-दोन सहकाऱ्यांची नावेही कळवा, म्हणजे प्रशिक्षकाला त्यांची यादी पटकन सापडते. मला बदली कार्ड मिळाले ते जुन्याच नावाचे. विवाहाच्या दाखल्याची प्रत सोबत ठेवल्यावर ते साइटवर चालले.

प्रतिसाद ४: वर्ग घेणारा

मी स्वतः अधिकृत प्रशिक्षक आहे, त्यामुळे दुसऱ्या बाजूने दोन शब्द लिहितो. आमच्याकडे अशी विनंती आली की आम्ही पहिल्यांदा उपस्थितीचे कागद काढून पाहतो. माणूस खरोखर सर्व तास बसला होता याची खात्री नसेल, तर आम्ही कार्ड मागवू शकत नाही, कारण खोटी नोंद केली तर प्रशिक्षकाची मान्यता जाते. यात अविश्वास नाही. एका दिवसात साडेसात तासांपेक्षा जास्त वर्ग घेता येत नाही, म्हणून ३० तासांना किमान चार दिवस लागतात. जो संकेतस्थळवाला ते दोन दिवसांत देतो, त्याने ते शिकवलेलेच नसते.

बनावट कार्डाविषयी मला कळकळीने सांगायचे आहे. या वर्गात आम्ही सर्वांत जास्त वेळ चार धोक्यांना देतो: उंचीवरून पडणे, विजेचा धक्का, अंगावर वस्तू आदळणे आणि कशात तरी अडकून चिरडले जाणे. बांधकामावरचे बहुतेक मृत्यू या चारांतच होतात. हार्नेस (पडताना धरून ठेवणारा सुरक्षा पट्टा) कुठे अडकवायचा हे न शिकलेला माणूस विकतचे कार्ड दाखवून स्लॅबच्या कडेवर उभा राहिला, तर ते कार्ड त्याला धरून ठेवत नाही. आणि खरे कार्ड असले तरी तो परवाना नव्हे. त्या त्या साइटवरील धोक्यांचे प्रशिक्षण देण्याची कंपनीची जबाबदारी त्याने संपत नाही.

ज्यांनी ऑनलाइन वर्ग केला असेल, त्यांनी प्रशिक्षक न शोधता थेट त्या अधिकृत ऑनलाइन संस्थेकडेच विनंती करावी. एसएसटीसाठी मात्र वर्ग प्रत्यक्ष किंवा सक्रिय देखरेखीखालीच झालेला असावा लागतो, हे आधी पाहून घ्यावे.

जर्सीतला सांगलीकर

सर्वांना कळवण्यास आनंद होतो की प्रशिक्षक सापडले. हिशेब विभागात त्यांचे बिल निघाले, त्यावर ईमेलचा पत्ता होता आणि त्यांनी दुसऱ्याच दिवशी उत्तर दिले. माहेरची कुलकर्णी यांचे विशेष आभार, कारण उपस्थितीच्या कागदावर माझ्या आडनावातले एक अक्षर खरोखरच कमी होते. सोबतच्या दोघांची नावे दिल्यामुळे ओळख पटली. आडनाव दुरुस्त करूनच कार्ड मागवतो, असे त्यांनी सांगितले आहे आणि तोपर्यंत वर्ग पूर्ण केल्याचे स्वतःच्या सहीचे पत्र पाठवले आहे. नव्या कंपनीने ते फाइलला ठेवून घेतले असले, तरी कार्ड येईपर्यंत मी कार्यालयातच बसेन, साइटवर जाणार नाही, असे ठरले आहे. सक्षम व्यक्ती म्हणून सध्या माझे नाव दिले जाणार नाही, त्यामुळे ४० तासांचेच एसएसटी करायचे आहे. उरलेल्या १० तासांसाठी पुढच्या शनिवार-रविवारी नाव नोंदवले आहे.