मेणबत्ती कोण पेटवतं?
आयर्लंडमध्ये नाताळात खिडकीत मेणबत्ती लावतात, त्याबद्दल थोडं सांगते. २४ डिसेंबरच्या संध्याकाळी ती पेटवायचा मान बहुतेक घरातल्या सगळ्यात धाकट्या मुलाचा. आसरा शोधत फिरणाऱ्या मेरी-जोसेफसाठी, म्हणजे येशूच्या आईवडिलांसाठी, या घराचं दार उघडं आहे, असा तिचा अर्थ. मला ही रीत फार भावते, कारण आयरिश लोकांची एक म्हणही हेच सांगते: माणसं एकमेकांच्या सावलीत जगतात. मूळ आयरिश शब्दात सावली आणि आसरा दोन्ही येतात, आपल्या 'छत्रछाये'सारखे! आणि हो, ६ जानेवारीला बायकांचा नाताळ. आयर्लंडच्या कॉर्क-केरी या भागांत त्या दिवशी स्वयंपाक-भांडी पुरुषांकडे, आणि बायका मैत्रिणींकडे चहा-केकला.