मदत हवी आहे: नववीतला मुलगा, शाळा म्हणते सतरा नंबरचा फॉर्म भरा (सोलापूर)

नमस्कार. मुलगा १५ वर्षांचा, जुळे सोलापूरला राहतो, नेहमीच्या मराठी शाळेत नववीत आहे. बौद्धिक अक्षमता, सर्टिफिकेट ६० टक्क्यांचं, यूडीआयडी कार्डही (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढलंय. आठवीपर्यंत कुणी चकार शब्द काढला नाही. दिवाळीनंतर बाईंनी बोलावलं, "ताई, दहावीचा निकाल बघावा लागतो, याला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा." लेखी द्या म्हटलं तर विषय बदलतात.

खरं सांगते, तिसरीचं पुस्तक तो सावकाश वाचतो, बेरीज बोटांवर. पण सुट्टीत दिरांच्या अक्कलकोट रोडच्या कारखान्यात टॉवेलचे डझन बांधतो. अकराच आहेत अशी शंका आली तर बांधलेला गठ्ठा सोडून परत मोजतो. आणि हाच पोरगा कोपऱ्यावरच्या दुकानात शंभराची नोट देऊन सुटे न घेता घरी येतो!

सासूबाईंचा सिद्धेश्वरावर भरवसा. माझाही आहे, पण परीक्षेचा फॉर्म मलाच भरायचाय.

एक विशेष शाळा पाहून आले, कामं छान शिकवतात. पण इथे त्याला दोन मित्र आहेत, त्याच्या डब्यातली शेंगाचटणी संपवणारे. ते तोडायचं जिवावर येतं. कुणी यातून गेलंय का? आणि १८ नंतर काय?

प्रतिसाद: ताई, आधी एक: शाळेतून दाखला काढू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ६ ते १८ वयात जवळची शाळा की विशेष शाळा, हे निवडायचा हक्क तुमचा. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हेही त्यातच आहे. सतरा नंबरात शाळा सुटते, अभ्यास तोच राहतो. माझ्या मुलीला आम्ही एनआयओएसला, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेत घातलं. पाच विषय, गणित सक्तीचं नाही, पाच वर्षांत नऊ संधी. आम्ही दरवेळी एकच विषय घेतला. १८ नंतर सह्यांसाठी पालकत्व लागतं, राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करायचा. सवलतींचा अर्ज शाळेत दोन प्रतींत द्या, एकीवर शिक्का घ्या.

धागाकर्ती: एकेक विषय घेता येतो हे माहीतच नव्हतं. सोमवारी अर्ज घेऊन जाते. शिक्का नाही दिला तर?

प्रतिसाद: स्पीड पोस्टानं पाठवा. पावती जपून ठेवा.