शंभर रुपयांत सिनेमा घरी आला, मग थिएटरच्या दारात कशाला उभं राहायचं?

खटपट्या (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात एका मराठी सिनेमासाठी बायको-पोरासकट ५८ किलोमीटर गेलो. आमच्या तालुक्याच्या गावात थिएटर नाही. होतं त्याचं मंगल कार्यालय झालं, बाल्कनीत आता वरपक्ष उतरतो. जिल्ह्याच्या गावी मॉलमध्ये दिवसाला एकच खेळ, तोही सकाळी ११:२० ला. पोचलो तर खिडकीवरचा पोरगा म्हणतो, "साहेब, तुमच्यासकट पाचच तिकिटं गेलीत, खेळ कॅन्सल." तिकिटाचे पैसे मिळाले. पेट्रोलचे कोण देणार?

आमिर खाननं २०२५ मध्ये काय केलं आठवा. 'सितारे ज़मीन पर' २० जूनला थिएटरात लावला आणि १ ऑगस्टला कुठल्याही ओटीटीला न विकता सरळ यूट्यूबवर १०० रुपये भाड्यानं ठेवला. घरातली पाच माणसं बसा, आजीला पाय वर घेऊन बसवा, १०० रुपयांत काम झालं.

आता थिएटरचा हिशेब बघा. १५० चं तिकीट. शंभराच्या वर गेलं की १८ टक्के जीएसटी, उरले १२७. त्यातले निम्मे थिएटरचे, राहिले ६३. त्यातून वितरकाचं कमिशन, डिजिटल प्रोजेक्शनवाल्यांची व्हीपीएफ (म्हणजे त्यांच्या मशीनवर सिनेमा दाखवायची फी), पोस्टर-बॅनर. निर्मात्याच्या हातात शेवटी चहापाण्यापुरतं उरतं. २०१५ मध्ये सरकारनं मल्टिप्लेक्सला प्राइम टाइमात मराठी सिनेमा सक्तीचा केला. संध्याकाळी ६ ते ९ म्हणता म्हणता ते दुपारी १२ ते रात्री ९ झालं, आणि पुढं काय झालं ते माझ्या पेट्रोलच्या पावतीवर लिहिलंय.

माझं म्हणणं सरळ आहे. मराठी निर्मात्यानं थिएटरच्या मिनतवाऱ्या सोडाव्यात. पहिल्याच शुक्रवारी यूट्यूबवर ७०-८० रुपयांत सिनेमा टाकावा. हाणा आता.

केबिनमधला माणूस

खटपट्या, हाणतोच. मी २२ वर्षं टॉकीजच्या केबिनमध्ये काढली. पिक्चरची पेटी एसटीनं यायची, स्टँडवरून हातगाडीवर आणायची, रीळ तुटलं की खालून शिट्ट्या आणि माझ्या आईचा उद्धार. त्यामुळे मी थिएटरचा, हे आधीच मान्य.

पण तुम्ही उदाहरण अर्धंच सांगितलंत. आमिरचा सिनेमा आधी सहा आठवडे थिएटरात होता. त्याचं नाव पोस्टरनं, बातम्यांनी, लोकांच्या तोंडांनी झालं, मग तो १०० रुपयांना खपायला यूट्यूबवर गेला. आणि तो आमिर खान आहे. तुमच्या-माझ्या पोरानं केलेला सिनेमा पहिल्या शुक्रवारी यूट्यूबवर टाकला, तर तो आहे हे कळणार कुणाला? लग्नाच्या पंगतीत कोपऱ्यात ठेवलेली चटणी होते त्याची.

३० जून २०२३ ला 'बाईपण भारी देवा' लागला तेव्हा मी एका मित्राच्या थिएटरवर गेटला उभा होतो. बायका काठापदराच्या साड्या नेसून, नाकात नथ, डोळ्यांवर काळे गॉगल, गटागटानं. एक भिशी मंडळ तर टेम्पो करून आलेलं. मध्यंतरात पॅसेजमध्ये फुगड्या! त्यातल्या निम्म्या बायका कितीतरी वर्षांनी थिएटरची पायरी चढल्या असतील. त्या सिनेमा बघायला आल्या होत्या त्यापेक्षा घरातून बाहेर पडायला आल्या होत्या. हे मोबाईलवर कसं करणार, सांगा.

खटपट्या

काका, भिशी मंडळाला माझा नमस्कार. पण असे सिनेमे वर्षाला किती? दोन, फार तर तीन. मराठीत वर्षाकाठी शंभराच्या घरात सिनेमे लागतात. बाकीचे शुक्रवारी येतात आणि सोमवारी पोस्टरच्या खळीसकट उतरतात. मी त्यांच्याबद्दल बोलतोय. टेम्पो करून येणाऱ्या बायका ज्यांच्या नशिबात नाहीत, त्यांनी काय करायचं?

बांधावरचा डायरेक्टर

राम राम मंडळी. मी माणदेशातला. तीन वर्षं झाली, आमच्या गावातली आठ-दहा पोरं मिळून यूट्यूबवर विनोदी मालिका करतो. बारामती तालुक्यातल्या कांबळेश्वरच्या मंडळींनी 'चांडाळ चौकडीच्या करामती' गाजवली, ते बघून आमच्याही अंगात आलं.

सुरुवातीला चॅनलला १००० सबस्क्राईबर आणि वर्षात ४००० तास बघणं झाल्याशिवाय जाहिरातीचा रुपया नाही. ते जमवायला नऊ महिने गेले, म्हणजे रीतसर बाळंतपणच. आता लांब व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के आम्हाला मिळतात. ऐकायला भारी वाटतं. पण मराठी व्हिडिओवर जाहिरातीचा दरच कमी, त्यामुळे व्ह्यूज लाखात आणि पैसे हजारात. आमचं घर चालतं ते ठिबकवाल्याच्या, बियाण्याच्या, सराफाच्या जाहिरातीवर. गोष्टीत मधेच सासरा जावयाला म्हणतो "पाईप कुठल्या कंपनीचा घेतलास?" ते उगाच नाही.

तरी मी यूट्यूबच्या बाजूनं आहे. पुण्या-मुंबईत ऑडिशनला गेलो तेव्हा मला दोनच भूमिका मिळाल्या, एकदा शिपाई आणि एकदा खुनी. दोन्हीत वाक्य नाही. इथं मी सरपंच आहे आणि माझी बोली कुणी 'शुद्ध' करत नाही. आमच्यात सासूचं काम करणाऱ्या काकू सकाळी चार म्हशींचं दूध काढून सेटवर येतात, आणि पाठ केलेलं वाक्य विसरल्या तर त्याहून भारी वाक्य मारतात. हे टॅलेंट कुठल्या वितरकानं कधी बघितलं होतं?

पण खटपट्यादादा, तुमच्या ७०-८० रुपयांत गोम आहे. आम्ही मागच्या दिवाळीला दीड तासाचा सिनेमा केला आणि बघायला ३० रुपये ठेवले. एका पाकीट चिप्सचे पैसे! खाली पहिली कमेंट काय असेल? "दादा लय भारी, टेलिग्रामची लिंक टाका." दुसऱ्या दिवशी कुणीतरी टाकलीसुद्धा. फुकट बघणारा लाखो, विकत बघणारा मोजून सांगता येईल इतका. २०१६ ला जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला, तेव्हापासून लोकांच्या डोक्यात बसलंय की रिचार्ज मारला म्हणजे सगळ्याचे पैसे भरले.

ढोलकीचा नातू

फुकटचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या घरात तीन पिढ्या तमाशाच्या फडात ढोलकी. सिनेमाचं तुम्ही बघा, आमचं ऐका.

नारायणगावला दरवर्षी गुढीपाडव्याच्या सुमाराला फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, राहुटीत बसतात, चहा होतो, तारीख आणि सुपारी ठरते. पूर्वी एक चांगला वग, म्हणजे तमाशातलं नाटक, बसवला की सगळा हंगाम त्यावर जायचा. या गावानं बघितलेलं त्या गावाला ठाऊक नसायचं. आता पहिल्याच यात्रेत समोर बसलेल्या शंभर पोरांचे मोबाईल वर असतात. आठवड्यात अख्खा वग यूट्यूबवर, कुणाच्या तरी भलत्याच चॅनलवर, त्याच्या जाहिरातींसकट. पुढच्या गावचा कारभारी राहुटीत बसून म्हणतो, "तुमचा वग पोरांनी बघितलाय की. नवीन काय? आणि ते रीलवरलं गाणं घेणार का?"

२०२० आणि २०२१ चे दोन हंगाम लॉकडाऊननं गिळले, तेव्हा लोकांना तमाशाची आठवण मोबाईलनंच राहिली, हेही खरं. माझा चुलता आता स्वतःच गणातली दोन मिनिटं आणि बतावणीतला एक तुकडा टाकतो, सुपारी मिळायला उपयोग होतो. पण ज्या चॅनलनं आमचा वग उचलला त्याला ५५ टक्के आणि रात्रभर ढोलकी वाजवणाऱ्याला रातीचा ठरलेला पगार, ही वाटणी कुणी केली? मी तक्रार टाकली होती. उत्तर आलं, मालकी हक्काचा पुरावा द्या. वग आमच्या पणज्याच्या तोंडचा. पुरावा कुठून आणू, त्याची समाधी अपलोड करू?

सदाशिव पेठेतली नाही

ढोलकीचा नातू, शेवटचं वाक्य वाचून हसले आणि मग वाईट वाटलं.

नाटकाचा उलटा अनुभव सांगते. २०२० च्या जुलैत हृषीकेश जोशींनी 'नेटक' केलं होतं, 'मोगरा' नावाचं. नट आपापल्या घरात, प्रेक्षक आपापल्या घरात, आणि प्रयोग थेट. मी तिकीट काढून बघितलं, चांगलं होतं. पण नाट्यगृहं उघडल्यावर मी नाटक बघायला घरी थांबले नाही, माझ्या ओळखीतलंही कुणी थांबलं नाही. तिकीट ३०० असो नाहीतर ५००, रविवारचा प्रयोग बघायला लोक जातातच. तेव्हा केबिनकाकांचं बरोबर आहे, बाहेर पडणं हाच अर्धा खेळ. मॉलमधल्या ११:२० च्या खेळात मात्र ते अर्धंही नसतं.

टोरांटोकर

आमच्याकडे पूर्वी मंडळ एखादा हॉल भाड्यानं घ्यायचं, वर्षातून दोन-तीन मराठी सिनेमे, रविवारी एकच खेळ, नंतर बटाटेवडे. आता सगळे म्हणतात ओटीटीवर येईलच. येतो, आणि लावायला गेलो की पडद्यावर पाटी: हा कार्यक्रम आपल्या देशात उपलब्ध नाही. मी पाच डॉलर हातात धरून उभा आहे, घ्यायला कुणी नाही. मग माझा मुलगा तीच ती टेलिग्रामची लिंक काढतो. खटपट्या यांना माझं मत. जगात कुठंही, पहिल्या दिवशी, पैसे देऊन.

हिशेबनीस

मी निर्मितीच्या हिशेबात असतो, नाव-गाव विचारू नका. थोडं पाणी ओततो.

एक. २०२०-२१ मध्ये ओटीटीवाले दारात यायचे. आता दारात आपण. पहिला प्रश्न: थिएटरात किती कमावलं? म्हणजे ज्या थिएटरला खटपट्या रजा देतायत, त्याच्याच आकड्यावर ओटीटीचा भाव ठरतो. काही ठिकाणी तर ठोक रक्कमही नाही, लोक जितके तास बघतील त्यावर पैसे. महिन्याचं स्टेटमेंट बघून आमचे निर्माते मला विचारतात, "यात दशांश चिन्ह चुकलंय का?"

दोन. "डिजिटल किती वाढलंय" असं ज्याच्या-त्याच्या तोंडी असतं. वाढलंय. फिक्की ही उद्योगांची संघटना आणि ईवाय ही सल्लागार कंपनी, यांच्या अहवालाप्रमाणे २०२४ मध्ये डिजिटल माध्यमांनी पहिल्यांदा टीव्हीला मागं टाकलं, ८०,२०० कोटी विरुद्ध ६७,९०० कोटी. पण त्या ८०,२०० मधले जवळपास ७०,००० कोटी जाहिरातीचे आहेत. त्यात सर्च आलं, सोशल मीडिया आलं, साबण विकणाऱ्या ॲपवरच्या जाहिराती आल्या. गोष्ट सांगणाऱ्याच्या ताटात त्यातलं काय पडतं ते बांधावरच्या डायरेक्टरनं वर सांगितलंच आहे.

खटपट्या

हिशेबनीस, मानलं. तरी 'द डिसायपल'चं काय? चैतन्य ताम्हाणेचा सिनेमा, २०२० ला व्हेनिसमध्ये पटकथेचं पारितोषिक, एप्रिल २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर. शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या माणसाचा इतका संथ सिनेमा जिल्ह्याच्या मॉलमध्ये लागला असता तर माझ्यासाठीही खेळ कॅन्सलच होता. मी तो घरी रात्री ११ वाजता, कानात हेडफोन घालून बघितला आणि दोन दिवस नीट बोललो नाही. बायकोला वाटलं ऑफिसात काही झालं.

केबिनमधला माणूस

तो मीही फोनवरच बघितला, नातवानं लावून दिला. तानपुरा त्या फोनच्या भोकातून डासासारखा ऐकू येत होता. केबिनमध्ये असतो तर आवाज दोन घरं वर केला असता. असो.

तुमच्या गावात थिएटर नाही ही खरी अडचण आहे, ती मी नाकारत नाही. आमचंही बंदच झालं. डिजिटल मशीन बसवायचं, भाडं भरायचं, आणि नवा पिक्चर आला की त्याच रात्री पोरांच्या फोनमध्ये. मालकानं चार वर्षं खेचलं. माझं भांडण मोबाईलशी नाहीच. सगळ्यांनी एकत्र बसून बघायची जागा गेली, त्याच्याशी आहे.

खटपट्या

मग ऐका काका. कालच आमच्या गणेश मंडळाच्या पोरांशी बोललो. महिन्यातून एका शनिवारी झेडपी शाळेच्या मैदानात पडदा लावायचा, यूट्यूबवर भाड्यानं सिनेमा घ्यायचा, माणशी २० रुपये.

हिशेबनीस

थांबा! ते भाडं घरी बघण्यासाठी असतं. मैदानात तिकीट लावून दाखवायचा तर निर्मात्याची लेखी परवानगी पाहिजे. पण विचारा. शुक्रवारी लागून सोमवारी उतरलेल्या सिनेमाचा निर्माता गल्ल्यातल्या अर्ध्या वाट्यावर आनंदानं देईल. तिघांचे नंबर मीच व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

बांधावरचा डायरेक्टर

आधी आमचा दाखवा. परवानगी आत्ताच दिली समजा. सासूबाईंना घेऊन येतो, फक्त म्हशींची धार झाल्यावर.

केबिनमधला माणूस

पडद्याचं काय केलंय? लग्नाच्या मांडवाचा पांढरा कपडा लावू नका, उजेड आरपार जातो आणि मागून माणसांच्या सावल्या दिसतात. आमच्या टॉकीजचा पडदा गोडाऊनमध्ये गुंडाळून ठेवलाय. डावा खालचा कोपरा उंदरांनी खाल्लाय, पण तिथं तसंही काही घडत नाही. टेम्पो पाठवा.